लिननच्या मुठीवरची हळद

प्रेसचं दार मी फोडलं तेव्हा आम्हाला लिमरिकमध्ये येऊन नऊ वर्षं झाली होती. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आणि इतक्या वर्षांत आम्हीही तेच म्हणायला लागलो होतो. भांडण कशावरून होतं ते खरंच आठवत नाही. बायको प्रेसला टेकून उभी होती. मी बोलता बोलता मूठ हाणली आणि ती तिच्या कानापासून वीतभर अंतरावर दारात घुसली. दार लाकडी भुशाचं होतं, आरपार फुटलं. माझ्या बोटांची सालं निघाली. टेबलाशी आठ वर्षांची लेक दुधातले पोहे खात बसली होती. ती चमचा तसाच धरून म्हणाली, "डॅड, इज द प्रेस ब्रोकन?"

बायको ओरडली नाही. तिने आधी लेकीला वरच्या खोलीत पाठवलं, मग माझ्या हातावर बर्फाची पिशवी ठेवली आणि म्हणाली, "लिसन. या घरात परत कुणावरही हात उठला ना, तर मी हिला घेऊन ताईकडे जाणार. आणि परत येणार नाही. आय मीन इट."

ताई म्हणजे तिची मोठी बहीण, डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला राहते. बायको पोकळ धमक्या देणाऱ्यातली नाही. ती पुण्याची आहे, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि एखादी गोष्ट बंद करायची ठरवली की बंद करते. माझं घर त्या दिवसापासून माझ्या उजव्या हातावर अवलंबून होतं, हे मला स्वच्छ कळलं होतं.

माझ्या आधीच्या पराक्रमांची यादी लहान नाही. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका माणसाची कॉलर धरून त्याला त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर आडवा केला होता, कारण त्याने माझी जागा घेतली. ऑफिसचा कीबोर्ड गुडघ्यावर आपटून मोडला होता. चालत्या गाडीतून स्वतःचाच फोन बाहेर भिरकावला होता. प्रत्येक वेळी नंतर वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी चहा करायचो, लेकीचे बूट पुसायचो, हळू आवाजात बोलायचो. नंतर वाईट वाटणाऱ्या माणसाबरोबर राहणं किती त्रासाचं असतं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, वाईट वाटलं म्हणजे हिशेब मिटला.

हा राग मी कुठून आणला ते सांगायला हवं, पण ती सबब म्हणून कुणी घेऊ नये. माझे वडील, आबा, कोल्हापुरात एका कारखान्यात पॉलिशवर होते. पितळी नळ आणि व्हॉल्व फिरत्या चाकावर धरून चकचकीत करायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा पापण्यांवर हिरवट मेण बसलेलं असायचं आणि नाकातून काळं यायचं. धातू घासायचे, घासून घासून गुळगुळीत झालेले एमरीचे पट्टे ते कारखान्यातून घरी आणत. तसला एक पट्टा दाराच्या खिळ्याला लटकवलेला असायचा. त्यांना तो गुळगुळीत वाटत असेल. माझ्या मांड्यांना नाही वाटला. तो पट्टा आधी चटका द्यायचा आणि मग कातडी सोलायचा. आबा मारायच्या आधी आई उठून खिडकी लावायची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. गणितात कमी मार्क, सांडलेलं दूध, उलट उत्तर, काहीही पुरायचं. एकदा मी चड्डीत मुतलो, तर त्याबद्दलही मार खाल्ला. मला आबांचा राग येत होता का? येत होता. अजून येतो. आणि माझ्यात तोच राग होता, हेही मला ठाऊक होतं. तसं कळल्याने माझा हात कधी थांबला मात्र नाही.

प्रेस फोडल्यानंतर सोमवारी मी पट्टी बांधलेल्या हाताने कामावर गेलो. आमच्या कारखान्यात शरीरात बसवायचे सांधे बनतात, मी तिथे क्वालिटीत आहे. वर्कशॉपमधल्या एका म्हाताऱ्या आयरिश फिटरने माझा हात बघितला, काय झालं ते विचारलं नाही, आणि शनिवारी मला त्याच्या शेडमध्ये बोलावलं. तो फावल्या वेळात सुऱ्यांना मुठी बसवायचा. पाती तयार विकत घ्यायची, मूठ आपण करायची. लाकूड नाही. कापडाचे, कागदाचे किंवा काचेच्या धाग्यांचे थर राळेत भिजवून, दाबून, दगडासारख्या कडक झालेल्या फळ्या. त्या कापायच्या, पात्याच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या, पिना ठोकायच्या, आणि मग घासायच्या.

पहिल्याच दिवशी मी तुकडा त्याच्या पॉलिशच्या चाकावर धरला आणि जोर लावला. चाकाने कडेला पकडून तो माझ्या हातातून हिसकावला आणि माझ्या कपाळावर फेकला. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. मी चाकाला आईवरून शिवी घातली आणि बाजूच्या बादलीला लाथ घातली. म्हातारा मशीन बंद करून म्हणाला, "ग्रँड. नाउ डू इट बाय हँड." मग त्याने मला काचेची एक जाड पट्टी, पाण्याचा ट्रे आणि घासायच्या कागदांची चळत दिली.

पुढचं वर्षभर मी आमच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये तेच केलं. काचेवर कागद, कागदावर साबणाच्या पाण्याचे चार थेंब, तोंडावर मास्क. हे सगळं ओलंच घासायचं, कारण कोरडं घासलं की धूळ उडते आणि काचेच्या धाग्यांची धूळ छातीत गेली तर बाहेर येत नाही. मनगटावर बसली तरी रात्रभर खाजवत बसायचं. आधी एकशेवीसचा खरखरीत कागद, मग दोनशेवीस, चारशे, सहाशे, आठशे, हजार, शेवटी सगळ्यात बारीक दोन हजार. प्रत्येक कागदाची दिशा बदलायची, म्हणजे मागच्या कागदाचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. मी घ्यायचो. मग हजारच्या कागदावर झळझळीत पृष्ठभागात दोनशेवीसचा एक ओरखडा नख मारल्यासारखा वर यायचा, माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती घासलेली मूठ मी भिंतीवर आपटायचो. तीन मुठी मी अशा फोडल्या. एक व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून हातोड्याने.

लोक म्हणतात असल्या कामाने मन शांत होतं. माझं झालं नाही. मी दात-ओठ खाऊनच घासायचो. पण जे कुणाला तरी मारायचं होतं ते कागदाखाली जायचं, आणि दोन-तीन तासांनी हात इतके दुखायचे की घरात गेल्यावर उचलावेसे वाटायचे नाहीत. वर्षभर घरात काही फुटलं नाही. बायको हे मोजत असणार. एका रविवारी ती शेडच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला एक कर ना. भाजीची सुरी."

"नवऱ्याकडून सुरी घेणारी तू पहिलीच," मी म्हणालो.

"धार तिला असू दे, तुला नको," ती म्हणाली आणि हसली. वर्षभरानंतर ती माझ्याशी अशी चेष्टेत बोलली. मला रडू यायचं बाकी होतं. रंग तिनेच निवडला: पांढऱ्या लिननचे थर. घासल्यावर त्यात कापडाची वीण दिसते, साईसारखी.

त्याच वर्षी सप्टेंबरात आबा आले. आई जाऊन वर्ष झालं होतं, ते कोल्हापुरात एकटे पडले होते, आणि बायकोनेच त्यांना तीन महिन्यांसाठी बोलवायचा आग्रह धरला. विमानतळावर मी त्यांना ओळखलं ते टोपीवरून. माणूस अर्धा झाला होता. जिना चढताना खोकायचे. पण लेकीपुढे इतके मऊ, की मला ते आबा वाटतच नव्हते. ती आयरिश हेलात इंग्रजी बोलायची, ते कोल्हापुरी बोलायचे, आणि दोघांचं तासन् तास जमायचं. तिने एकदा त्यांच्या अंगावर दूध सांडलं तर म्हणाले, "सांडू दे की, कुनाचं काय जातंय?" ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून शेडमध्ये गेलो आणि तासभर सहाशेचा कागद घासत राहिलो.

ते माझ्या मागोमाग शेडमध्येही यायला लागले. स्टुलावर बसून बघायचे.

"एवढं हातानं? मशिन न्हाई व्हय?"

"जळतं मशिनवर. राळ आहे, आबा, पितळ नव्हे."

"मंग ह्याला पालिश म्हनायचं न्हाई," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मूठ हातात घेतली, खिडकीशी तिरकी धरली, अंगठा फिरवला आणि मला न दिसलेला एक ओरखडा बरोबर दाखवला. चाळीस वर्षं पॉलिशवर काढलेला अंगठा. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो वाटला याची चीडही आली. पट्ट्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी वाट पाहत होतो, हे आता कबूल करतो.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी मूठ दोन हजारच्या कागदापर्यंत पूर्ण झाली. एकही ओरखडा नव्हता. आता एकच काम उरलं होतं: पातळ गोंदाचा हात देऊन ती बंद करायची. कारण घासलेल्या लिननमध्ये धाग्यांची टोकं उघडी असतात. बंद करेपर्यंत ती मूठ चहा, तेल, जे लागेल ते पिते. माझ्याकडचा गोंद संपला होता. सकाळी आणू म्हणून मी सुरी फडक्यावर ठेवली, पात्याला कागदी टेप गुंडाळलेली, आणि शेडचं दार नुसतं ओढून घेतलं. शनिवारी गोंद घेऊन परत यायला मला तासभर लागला.

शेडचं दार उघडं होतं आणि आतून उदबत्तीचा वास येत होता. आबांनी सगळं झाडून पुसून मांडलं होतं. ड्रिलला हळदकुंकू, व्हाइसला हळदकुंकू, कानशींना, काचेच्या पट्टीला, कागदांच्या चळतीलासुद्धा. वर अंगणातल्या शेवंतीची फुलं आणि दोन केळी. खंडेनवमी होती. माझ्या ध्यानातही नव्हतं. कोल्हापुरात त्यांच्या कारखान्यात या दिवशी चाकं बंद ठेवून अशीच पूजा व्हायची, आणि ओल्या हळदीचे पट्टे लोखंडावर, पितळेवर ओढले जायचे. दुसऱ्या दिवशी फडकं मारलं की सगळं साफ. आबांनी जन्मभर तेच केलं होतं, तेच इथे केलं होतं. शस्त्र उघडं असावं म्हणून सुरीची टेप काढली होती. आणि पांढऱ्या मुठीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या हळदीची पाच बोटं ओढली होती. ती धाग्याधाग्यात उतरली होती.

ते सुरी पात्याकडून धरून, मूठ माझ्याकडे करून हसत होते. "तुझ्या हत्याराची पूजा केली बघ," म्हणाले.

मी त्यांच्या हातातून सुरी हिसकावली. मूठ माझ्या हातात आली आणि पातं त्यांच्या तळव्यातून गेलं. मला ते जाणवलं; जाणवलं नाही असं मी म्हणणार नाही. "तू काय केलंस हे?" मी ओरडलो. "काय केलंस तू? अक्कल आहे का तुला?" आयुष्यात आबांना मी कधी अरे-तुरे केलं नव्हतं, मार खातानाही नाही. ते हसू तसंच ठेवून बघत राहिले, ऐकू नीट आलं नाही असे. मग मी डाव्या हाताने त्यांच्या छातीवर धक्का दिला. तोल जाऊन चुकून लागतो तसा नाही, मुद्दाम, सगळा जोर लावून. ते टेबलाच्या कडेवर पाठीने आपटले, ड्रिल खाली आलं, पाण्याचा ट्रे उलटला, आणि ते त्या पाण्यात बसले. टोपी पडली. त्यांच्या तळव्यातून रक्त पाण्यात धावत होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. एक क्षण, पण बरं वाटलं. मी एक पाऊल पुढे गेलो. पुढे काय करणार होतो ते मला माहीत नाही.

"उनात ठेव," आबा खालून म्हणाले. श्वास लागला होता. "उनात ठेव रं. हळद उनात जाती."

मी मागे वळलो तर दारात बायको होती. तिच्यामागे लेक. माझ्या हातात सुरी होती.

बायकोने मला ओलांडलं. ओढणीने आबांचा हात घट्ट बांधला, त्यांना उठवलं आणि गाडीत बसवलं. लेकीला पुढच्या सीटवर घेतलं. मला कुणी चल म्हटलं नाही. मी मागे, आबांच्या शेजारी जाऊन बसलो. हॉस्पिटलमध्ये सात टाके पडले. नर्सने विचारलं, हे कसं झालं? आबांना प्रश्न कळला. ते बायकोकडे बघून म्हणाले, "सांग पोरी, माझ्याच हातनं निसाटली. म्हातारा मानूस." आणि मग स्वतःच नर्सला, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "माय मिस्टेक." बायकोने त्यांचं वाक्य इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं. आवाज हलला नाही. मी बाजूला उभा होतो आणि खोटं आहे असं म्हणालो नाही.

बाहेर पार्किंगमध्ये ती म्हणाली, "मी त्यांच्यासाठी खोटं बोलले. तुझ्यासाठी नाही." रविवारी सकाळी ती लेकीला आणि आबांना घेऊन क्लोनडॉकिनला गेली. आबांची बॅग तिनेच भरली. जाताना आबा मला म्हणाले, "जेवत जा." मी दारात उभा राहून हात हलवला, पाहुणे निघाल्यासारखा.

सुरी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. लिमरिकच्या ऑक्टोबरात ऊन कुठलं? पण आबांनी सांगितलं होतं म्हणून ठेवली. रोज बघायचो. आठवड्यात पिवळा फिका झाला. मग एका बाजूने गेला, मी दुसरी बाजू वर केली. अठराव्या दिवशी मूठ पांढरी होती. काही घासावं लागलं नाही, काही फुटलं नव्हतं. ढगांतून आलेल्या तेवढ्याशा उजेडाने ते काम केलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि मी मारली, दोनदा, रिकाम्या स्वयंपाकघरात.

मग मी मुठीला गोंदाचे तीन हात दिले, मऊ फडक्याने चकाकी आणली, सुरी खाकी कागदात बांधली आणि शनिवारी क्लोनडॉकिनला गाडी काढली. दोन तास वाक्यं जुळवत होतो. आबांच्या पाया पडायचं, मग मूठ दाखवायची, म्हणायचं तुमचं बरोबर होतं. बायको बघेल. मूठ बघून तिला कळेल. मला खरंच असं वाटत होतं. फोन केला नव्हता. केला असता तर ती नको म्हणाली असती.

बेल वाजवली. दार आबांनी उघडलं. अंगात ताईच्या नवऱ्याचा स्वेटर, तळव्यावर टाक्यांची लाल रेघ. मी घाईघाईने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, पुडकं काढायला.

त्यांचा हात वर गेला. कोपर चेहऱ्यासमोर, मान खांद्यात, डोळे मिटलेले.

तो हात कसा वर जातो हे मला माहीत आहे. तो कुणी ठरवून नेत नाही. मी तो पंधरा वर्षं तसा नेला होता, आबांसमोर. आज ते माझ्यासमोर नेत होते. लहानपणी मार खाताना मी शंभरदा मनात म्हटलं होतं की एक दिवस यांना माझी भीती वाटली पाहिजे. ती वाटलेली मी बघितली. 

आबांनी लगेच तोच हात पुढे नेऊन टोपी सारखी केली, जणू तेच करायचं होतं. "ये की," म्हणाले. पण दारातून सरकले नाहीत.

मागून बायको आली. तिने सगळं पाहिलं होतं. तिची नजर माझ्या खिशात अडकलेल्या हातावर होती.

"काय आहे खिशात?"

"मूठ. पांढरी झाली पूर्ण. तुला दाखवायला—"

"सुरी?" ती म्हणाली. "तू इथे सुरी घेऊन आलास?"

 गोंद वाळेपर्यंतचे तीन दिवस आणि गाडीतले दोन तास, एकदाही माझ्या मनात ते आलं नव्हतं. मी फक्त मुठीचा विचार केला होता. आबांचा तळवा ज्याने फाडला ते पातं मी छातीशी बांधून त्यांच्या दारात आणलं होतं. मी हात खिशातून रिकामा बाहेर काढला, दोन्ही तळवे त्यांना दिसतील असे धरले, आणि पायरीवरून खाली उतरलो.

जिन्यावरून लेकीचा आवाज आला, "मम, हू इज इट?"

"कुणी नाही," बायको म्हणाली. तिने आबांना दंडाला धरून आत घेतलं आणि दार लावलं. आपटलं नाही. मग आतून साखळी सरकवल्याचा आवाज आला; ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली.